कच्च्या फोटोतलं गोंदण

लिंबाचीवाडी, ता. वडवणी
९ जानेवारी २०२५

सुकन्ये,

तुझं फोटोचं पाकीट काल पोचलं. तुझी रोहिणीकाकू अंगणवाडीतून आली, तिनं उघडलं आन् पहिला फोटो माझ्या हातात दिला. मी म्हणलं, "ही कोणाची गं म्हातारी? पाव्हणी हाय का?" ती म्हणली, "आत्या, तुमीच हायत."

चष्मा पुसून बगितलं. लुगडं माझं, पडका दात माझा, आन् तोंड भलतीचंच. तोंड तरी कसलं, उकडून सोललेला बटाटा! पंच्याहत्तरी उलटलेलं तोंड हाय माझं, त्याच्यावर एक सुरकुती न्हाई. आन् गोंदण कुठं गेलं? कपाळावरची चांदणी, हनवटीवरचे तीन ठिपके, समदं साफ. रानात ट्रॅक्टरचा रोटर फिरवल्यागत. पुण्याला शिकायला गेलती का आजीला धुवायला गेलती?

दुसरा फोटो सारजीचा निघाला आन् माझं हसू पळालं. एका माहेरच्या आमी, एकाच उन्हाळ्यात या गावात नांदायला आलो, साठ वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. आन् मला तिचं तोंड वळखू येईना. दिवाळीत तू फोटो काढलेस, वीस दिवसानं ती गेली. तिचा दुसरा फोटो कुठं हाय? रेशनकार्डावरचा हाय, त्यात ती चोरीत घावल्यागत दिसती.

अगं, सोनंनाणं इथं काढून घेतात. वर सोबत जातं ते फकस्त गोंदण. तेच पुसलंस. आता यमाच्या दारात तिला कोणी कशावरून वळखावं? म्हणतील, ही गोरी बाई आमच्या यादीत न्हाई, जा माघारी.

सारजीच्या गहिनीनाथचं नवं घर झालंय. पाडव्याला वास्तुशांत हाय. भिंतीवर पहिला फोटो आईचा लावायचा म्हणतो, दाराएवढा. त्याला मी हे बटाटे दाखवले न्हाईत. काय करतीस ते कर, आमची तोंडं माघारी दे.

फोनवर सांगू नको, मला निम्मं ऐकू येतं आन् निम्मं मी माझ्या मनानं घालते. कागदावर लिही.

तुझी आजी, बायनाबाई

(लिहिणारी रोहिणी: सुकन्या, यातल्या तीन शिव्या मी गाळल्या आहेत.)

पुणे
१७ जानेवारी २०२५

ती. आजी,

तुझं पत्र वाचलं आणि फोटो परत उघडले. मीच हबकले. मी हे पाठवलं? न बघता?

झालं ते असं. आमच्या स्टुडिओत लग्नाचे फोटो येतात, एकेका लग्नाचे दोन-दोन हजार. ते आम्ही एका सॉफ्टवेअरमध्ये ढकलतो. ते स्वतःच चेहरा शोधतं, पुरळ काढतं, रंग उजळवतं. घाईत मी तुमचे फोटोही एका नवरीच्या फोटोंमागे ढकलले. त्याला गोंदण कळत नाही, आजी. त्याला तो डाग वाटला.

पण घाबरू नकोस. मोबाईल काढतो तो फोटो म्हणजे भाजलेली भाकरी. माझा मोठा कॅमेरा पीठ देतो. कच्चा फोटो म्हणतात त्याला. त्याची भाकरी करायची सॉफ्टवेअरमध्ये, आणि बिघडली तर दुसरी थापायची. डब्यातलं पीठ तसंच राहतं. सॉफ्टवेअर फक्त एक चिठ्ठी लिहून ठेवतं की इथे उजेड वाढव, इथे कमी कर. चिठ्ठी फाडली की फोटो होता तसा. तुमचं गोंदण माझ्याकडे शाबूत आहे.

आता तुमच्या फोटोंसाठी मी वेगळं सॉफ्टवेअर शोधलं. एक दरमहा भाड्याचं, त्याला चेहऱ्यांची फार हौस. एक कॅमेऱ्याच्या कंपनीचं, ते सगळ्यांना एकाच रंगात बुडवतं. तिसरं फुकट आहे, पण आळशी. सांगितल्याशिवाय काडी हलवत नाही. मी तिसरं घेतलं. हळू चालतं, पण आपल्या मनाचं काही करत नाही.

आणि एक. गहिनीकाकांचा फोन आला होता. म्हणाले, "आईच्या डाव्या हातावर माझ्या बापाचं नाव गोंदलंय. शाई पसरली, आता वाचता येत नाही. तुझ्या कॅमेऱ्यात ते उठवता येतंय का बघ. पाडव्याला चार पाव्हण्यांनी वाचलं पाहिजे." मी हो म्हटलं. कच्च्या फोटोत डोळ्यांना दिसत नाही तेही दडलेलं असतं. सारजाआजींचा हात मोठा करून बघितला, रेघा आहेत. निघेल नाव.

तुझी सुकन्या

लिंबाचीवाडी
२६ जानेवारी २०२५

सुकन्ये,

तोंडं शाबूत हायत म्हणून बरं वाटलं. कपाळ ठेव, हनवटी ठेव. पर हाताचं जाऊ दे.

कावून म्हणून इचारू नको. हात लई वाळला होता सारजीचा. दाराएवढ्या फोटोत वाळकी काडी कशाला दाखवायची? पदर ओढून घे त्याच्यावर. पदर ओढता येत नसंल तर ते बटाटेवालं सॉफ्टवेअर हाय की तुझं, त्याला म्हणावं, हा बी डागच हाय, पूस. त्या दिशी इतकं हुशार होतं, आज काय झालं त्याला?

गहिनीनाथला सांग, नाव निघत न्हाई. मशीन बिघडली म्हण. पुण्यात मशीन बिघडत न्हाईत का? इथं तर समदं बिघडतं.

आन् दुसरं काय न्हाई. मी बरी हाय.

आजी

(रोहिणी: बऱ्या नाहीत. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हापासून ताटातली भाकरी तशीच उठते. विचारलं तर म्हणतात, "पीठ डब्यातच ऱ्हाऊ द्यावं माणसानं." मला काही कळलं नाही.)

पुणे
४ फेब्रुवारी २०२५

ती. आजी,

तुझा राग येतोय, म्हणून थोडक्यात लिहिते.

आधी पुसलं म्हणून शिव्या दिल्यास, आता पूस म्हणतेस. सारजाआजी तुझी मैत्रीण. तिच्या हातावर तिच्या नवऱ्याचं नाव दिसलं तर तुझं काय जातं? तुझ्या हाताला गुळाच्या पाकाचा चटका बसला आणि आप्पांचं नाव वाकडंतिकडं झालं, म्हणून तिचंही दिसू नये, असं तर नाही ना? असलंच तर सांगून टाक, तुझंही उठवून देते.

गहिनीकाकांना मी शब्द दिलाय. खोटं बोलणार नाही. आणि माणसाच्या अंगावरचं परत पुसणार तर अजिबात नाही.

सुकन्या

लिंबाचीवाडी
१२ फेब्रुवारी २०२५

सुकन्ये,

आज रोहिणीला आधी हात माझ्या डोक्यावर ठेवायला लावला आन् शपथ घातली. मग पेन धरायला सांगितला. तू बी हे वाचायच्या आधी दार लाव.

नव्या नवऱ्या होतो आमी, पंधरा-सोळाच्या. कपिलधारच्या जत्रंला गेलतो बैलगाडीनं. तिथं बॅटरीच्या मशीनीनं गोंदणारा बसला होता. सासवा म्हणल्या, मालकाचं नाव काढून घ्या हातावर. बसलो. तो इचारतो, "बोला बाई, काय नाव?" आता काय बोला? मालकाचं नाव तोंडानं घ्यायचं कसं? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आमच्यात रीत अशी का तिच्या मालकाचं मी सांगायचं आन् माझ्या मालकाचं तिनं. दुसरीच्या मालकाचं घेतलं तर पाप न्हाई. कानात सांगायचं, का तर सासवा बाजूला उभ्या.

पहिली सारजी बसली. मी वाकले गोंदणाऱ्याच्या कानाशी. तिच्या मालकाचं, हनुमान म्हणायचं होतं. देवाचं नाव, म्हणायला बी पुण्याचं. आन् मी म्हणलं, बायना.

हो. माझंच.

आता थोबाडीत मार. पर ऐक. जत्रा झाली का आठ दिवसानं हनुमान तिला ऊसतोडीला घेऊन जाणार होता, सहा महिने, लांब खाली कारखान्याला. मी या गावात कोणाला वळखत नव्हते तिच्याबिगर. मला वाटलं, ही जाती, हिच्या सोबत माझं काई तरी जाऊ दे. एवढंच डोक्यात आलं आन् तोंडातून निघालं. गोंदणाऱ्याला काय, तो गोंदतो. तिला अक्षर येत न्हाई, मला न्हाई, हनुमान आन् तुझे आप्पा बी अंगठेबहाद्दर. गहिनीनाथ दुसरीतून पळाला तवर शाई पसरली होती.

परत आली की सांगायचं ठरवलं होतं. आली, तर पयल्यांदा हातच दाखवला मला. म्हणली, "बायने, तिकडं बगून बगून दिस काढले याच्याकडं." कसं सांगू? मग हनुमान गेला, तवा तो हात छातीशी धरून रडली, "एवढंच ऱ्हायलं गं माझ्याकडं." मी बाजूला बसलेली. माझ्या तोंडाला टाळा.

आता तू ते दाराएवढं करून भिंतीवर लावणार, आन् गावातलं शिकलेलं पोरगं वाचणार. गहिनीनाथच्या आईच्या हातावर शेजारणीचं नाव. त्याची मान खाली जाईल, आन् मेलेल्या बाईवर गाव हसंल, जिनं काईच केलं न्हाई. केलं ते मी.

म्हणून म्हणलं पूस.

आजी

(रोहिणी: "हो. माझंच." इथे माझा पेन पाच मिनिटं थांबला होता. वीस वर्षं मी यांना भोळ्या समजत होते.)

पुणे
२१ फेब्रुवारी २०२५

ती. आजी,

दार लावलं होतं. बरं झालं लावलं.

त्या दिवशी मी वाट्टेल ते लिहिलं, ते आधी मागे घेते. आता जे लिहिते ते काकूने हळू वाचावं आणि तू खाली बसून ऐकावंस.

तुझं पत्र वाचल्यावर खरं काय ते डोळ्यांनी बघायचं ठरवलं. तो फोटो आठवतो? ओट्यावर तुम्ही दोघी शेंगा फोडत होतात आणि मी म्हटलं, हात पुढे करा. दोघींचे डावे हात शेजारी शेजारी. पण एका फोटोत एकच हात नीट आला, म्हणून मी दोन काढले, एक तिचा, एक तुझा.

तिचा उघडला. आधी काळा-पांढरा केला. मग लाल रंगाची दांडी वर सरकवली तशी कातडी उजळत गेली. निळा-हिरवा खाली ओढला, तशी शाई काळी पडायला लागली. सुरकुत्यांमधून एकेक रेघ वेगळी होत गेली. आणि अक्षरं उभी राहिली. बायना. तू सांगितलं होतंस तरी मी एकेक अक्षर मोठ्याने वाचलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण या सॉफ्टवेअरमध्ये एका फोटोची चिठ्ठी उचलून दुसऱ्या फोटोला चिकटवता येते. उजेड तोच, ओटा तोच. मनात म्हटलं, आजीचा हातही करून ठेवू, आप्पांचं सोमनाथ हे नाव बघून तिला बरं वाटेल. चिठ्ठी चिकटवली.

आजी, तुझ्या हातावर सोमनाथ नाही.

पहिला 'स' आहे. आपण सगळे तेवढाच वाचत आलो आणि पुढचं चटक्यात गेलं म्हणून सोडून दिलं. पुढचं गेलेलं नाही. कातडीखाली आहे. मी चिठ्ठी काढली, परत लावली. खुर्चीवरून उठून पाणी प्यायले, परत बघितलं. स्टुडिओतल्या योगिताला काही न सांगता फक्त वाच म्हटलं. तिने वाचलं, "सारजा."

तुझ्या हातावर सारजा लिहिलंय, आजी. तुझ्या वेळी गोंदणाऱ्याच्या कानाशी ती वाकली होती ना?

दोन्ही फोटो सोबत पाठवतेय. गहिनीकाकांना काहीही कळवलेलं नाही. तू सांगशील ते करेन. पूस म्हणालीस तर या वेळी पुसेन.

सुकन्या

लिंबाचीवाडी
५ मार्च २०२५

सुकन्ये,

रोहिणीनं वाचलं. मी म्हणलं, पुन्यांदा वाच. तिनं वाचलं. मी म्हणलं, तुला नीट वाचता येत न्हाई, अंगणवाडीत लेकरांना काय शिकवतीस? मग तिनं माझं बोट धरलं आन् माझ्याच हातावर फिरवलं. हा सा, हा र, हा जा. फिरवताना मला कळलं. कातडीला कळलं.

दोन दिस मी कोणाशी बोलले न्हाई. घरातल्यांना वाटलं, ऐकू येणं पार गेलं.

लबाड बाई! साठ वर्षं! भांडण झालं का माझं मनगट धरायची आन् म्हणायची, "दाव हात. हाय ना नाव? मग बस गप." मला वाटायचं, मालकाचा धाक घालती. तुझे आप्पा गेले तवा सगळ्या बाया रडत होत्या, आन् ही माझ्या हातावरनं हात फिरवत बसली. म्हणली, "हे कुठं जात न्हाई, बायने." मी म्हणलं, किती माया हिची माझ्या मालकावर.

आन् मी मालकाच्या नावाची म्हणून त्या हाताच्या किती शपथा खाल्ल्या! निम्म्या खोट्या होत्या. बरं झालं, त्यांना लागल्या न्हाईत. का तिला लागल्या? आता कोणाला इचारू?

मनातल्या मनात इतक्या वर्षांची चोर होते मी. आन् दुसरा चोर भिंतीपलीकडं बसून रोज माझ्याच घरचा चहा पीत होता.

मग मी ठरवलं. चोरी एकटीची असती तर झाकली असती. दोघींची हाय, तर झाकणारी मी कोण? गहिनीनाथला बोलावलं. दोन्ही फोटो म्होरं ठेवले आन् समदं सांगितलं, कपिलधारपासून. त्याचं तोंड असं पडलं का मला वाटलं उचलून द्यावं लागंल. मग म्हणला, "मावशी, मग माझ्या बापाचं नाव कुठंच न्हाई का?"

मी म्हणलं, "हाय की. तुझ्या नावाच्या मागं. जल्मभर तूच मिरवतोस."

तो उठला. चहा तसाच टाकून गेला. तवापासून आला न्हाई. पाडवा तोंडावर आला. तू काईच छापू नको अजून.

आजी

(रोहिणी: गहिनीदादा चपलाही उलट्या घालून गेले.)

लिंबाचीवाडी
२ एप्रिल २०२५

सुकन्ये,

गहिनीनाथनं मागितला म्हणून तू त्याला गुपचूप फोटो पाठवलास आन् मला कळवलं न्हाईस. घरात एक लबाड बाई कमी झाली म्हणून तू जागा भरलीस का?

पाडव्याला मी जाणार नव्हते. बोलावणं आलं न्हाई तर कशाला जायचं? सकाळी गहिनीनाथ स्वतः आला. दारात उभा ऱ्हाऊन म्हणला, "मावशी, चल. आईच्या फोटोखाली कोणी तरी बसाय पायजे." रोहिणीला एका हाताला धरलं आन् त्याला दुसऱ्या.

भिंतीवर सारजी होती. दाराएवढी न्हाई, खिडकीएवढी, पर आख्खी. कपाळावरची चांदणी, तोंडावरची एकूण एक सुरकुती. डोळे माझ्याकडंच, आता बोल म्हणल्यागत. आन् तिच्या खाली दुसरा लांब फोटो, दोन हात, शेजारी शेजारी. तू ते दोन फोटो जोडले म्हणं. जोड कुठं दिसली न्हाई मला.

गाव जमलेलं. सरपंचाच्या सुनंनं मोठ्यानं वाचलं, "बायना. सारजा." मला वाटलं, आता हसतील. मी पदर तोंडावर घेतला. तर गहिनीनाथ पाव्हण्यांना म्हणला, "आमच्या आईनं जे नाव साठ वर्षं छातीशी धरलं, ते हे. वाचा नीट." आन् पुरणाची वाटी त्यानं पयल्यांदा माझ्या म्होरं ठेवली.

म्हातारी साखराबाई माझ्या कानात म्हणली, "बायने, आमच्या हातावर काय लिहिलंय ते बी बगाय पायजे गं." तीन म्हाताऱ्या हात झाकून बसल्यात तवापासून. तू उन्हाळ्यात येतीस तवा कॅमेरा आणू नको. आन् आणलास तर त्यांच्या मालकांना आधी बाहीर काढ.

रोहिणी म्हणती, आता तरी अक्षर शिका. मी न्हाई म्हणलं. तवाच शिकलो असतो तर तवाच वाचलं असतं, सासवांनी घासून काढायला लावलं असतं, आन् झालं असतं समदं कोरं. अडाणी होतो म्हणून टिकलं.

आता एकच काम. माझा बी तसाच फोटो करून ठेव, सुरकुत्यांसकट, आत्ताच. डब्यातलं पीठ जपून ठेव म्हणजे झालं. मी वर गेले का दारात हात दाखवा म्हणतील. तिचा हात वाचून मला हाक मारली असंल त्यांनी, आन् ती म्हणली असंल, ती यायचीय अजून, थांबा. माझा वाचतील तवा ती आतून ओ देईल.

घाई न्हाई. पर वाट बगायला लावायची सवय तिला मीच लावली हाय.

तुझी आजी, बायनाबाई